टीका ख्रिस्ती धर्मावर, मौन इस्लामवर?

पाश्चात्त्य देशांतल्या नास्तिकांवर एक आरोप सतत होत आला आहे. बायबलमधल्या विसंगती काढताना, पोपची खिल्ली उडवताना, चर्चच्या शाळांना मिळणाऱ्या सरकारी पैशावर बोट ठेवताना ही मंडळी जी धिटाई दाखवतात, ती कुराणाचा आणि पैगंबरांचा विषय निघाला की कुठे जाते? मऊ लागले म्हणून कोपराने खणायचे, त्यातलाच हा प्रकार नव्हे का? असे विचारणारे सगळे एका गोटातले नाहीत. त्यांत दुखावलेले ख्रिस्ती श्रद्धाळू आहेत, स्थलांतरितांविरुद्ध मते मागणारे उजवे पुढारी आहेत, आणि इस्लाम सोडून बाहेर पडलेले, आपल्या पाठीशी कोणी उभे राहत नाही म्हणून चिडलेले लोकही आहेत. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने नेमका उलटा आरोप ऐकू येतो: आजचे नामवंत नास्तिक इस्लामच्या मागे हात धुऊन लागले आहेत आणि विवेकवादाच्या नावाखाली मुसलमानांविषयीचा आकस खपवत आहेत. परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही आरोपांत तथ्य असू शकते, कारण नास्तिकांची काही एक संघटना नाही, आणि टीका मोजण्याचे ठिकाणही एक नाही. ग्रंथांत एक चित्र दिसते, रोजच्या चळवळीत दुसरे, कलेच्या आणि प्रकाशनाच्या क्षेत्रात तिसरे, आणि मुस्लिम समाजातच वाढलेल्या नास्तिकांत चौथे. ही चारही चित्रे शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. दोन धर्मांवर सारखीच टीका झाली पाहिजे ही मागणीच चुकीची आहे. कसोटी मात्र दोघांना एकच लावली पाहिजे, आणि त्या बाबतीत नास्तिकांचे पाय दोन्ही बाजूंना घसरलेले आहेत.

ग्रंथांपासून सुरुवात करू. एकविसाव्या शतकात नास्तिकतेची जी नवी लाट आली, तिचा उगमच मुळी ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतरच्या अस्वस्थतेत आहे. सॅम हॅरिस यांनी त्या घटनेनंतर लिहायला घेतलेले 'द एंड ऑफ फेथ' २००४मध्ये आले आणि त्यात इस्लामवर एक स्वतंत्र आणि अत्यंत कडक प्रकरण आहे. क्रिस्टोफर हिचन्स यांच्या २००७च्या पुस्तकाचे 'गॉड इज नॉट ग्रेट' हे नावच 'अल्लाहू अकबर' या घोषणेला दिलेला नकार आहे, आणि कुराणातला मजकूर ज्यू व ख्रिस्ती कथांवरून उचललेला आहे अशी मांडणी त्यात सविस्तर येते. रिचर्ड डॉकिन्स यांच्या २००६च्या 'द गॉड डिल्यूजन'चा भर मात्र बायबलवर आणि अमेरिकेतल्या उत्क्रांतिविरोधकांवर आहे. अँग्लिकन वातावरणात वाढलेल्या जीवशास्त्रज्ञाच्या हातून हेच अपेक्षित होते. त्याच्याही आधी, १९९५मध्ये, इब्न वराक या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने 'व्हाय आय ॲम नॉट अ मुस्लिम' हे पुस्तक काढले. बर्ट्रांड रसेल यांनी १९२७मध्ये लंडनला दिलेल्या 'व्हाय आय ॲम नॉट अ ख्रिश्चन' या व्याख्यानाची ती उघड आठवण होती. म्हणजे ग्रंथांपुरते पाहिले तर नास्तिकांनी इस्लामला सोडले, असे म्हणता येत नाही. दोन पुस्तकांतला एक फरक मात्र डोळ्यांत भरतो. ख्रिस्ती धर्मावर व्याख्यान देताना रसेल यांना नाव लपवावे लागले नाही. इस्लामवर लिहिणाऱ्याला अडुसष्ट वर्षांनंतरही टोपणनाव घ्यावे लागले.

रोजच्या चळवळीत चित्र बदलते. अमेरिकेतल्या नास्तिक संघटनांच्या कामाकडे पाहिले तर नव्वद टक्के नव्हे, जवळजवळ सगळाच वेळ ख्रिस्ती धर्माशी भांडण्यात जातो असे वाटेल. सरकारी शाळांतून सक्तीचे बायबलवाचन बंद करणारा १९६३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ज्या खटल्यांतून आला, त्यांतला एक मॅडलिन मरे ओ'हेअर या नास्तिक स्त्रीचा होता. २००४मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळेत 'बुद्धिमान रचने'च्या नावाखाली निर्मितिवाद शिकवायचा घाट घातला गेला, तोही ख्रिस्ती शाळा-समितीनेच. इंग्लंडमध्ये सव्वीस बिशप केवळ बिशप म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात. तिथे एकाही मौलवीला अशी हक्काची जागा नाही. अमेरिकेतल्या प्रौढांपैकी सुमारे बासष्ट टक्के लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात आणि मुसलमान एक टक्क्याच्या आसपास आहेत. गर्भपाताचा कायदा, शाळेचा अभ्यासक्रम, न्यायाधीशांच्या नेमणुका यांवर ज्या धर्माचे वजन पडते, त्याच्याशीच तिथल्या नास्तिकाचा रोज सामना होणार. याला पक्षपात म्हणता येत नाही. इराणमधला नास्तिक बिशपांवर लेख लिहीत बसला तर आपण त्याला शूर म्हणणार नाही.

शिवाय जिथे इस्लामचा प्रश्न सार्वजनिक धोरणाला भिडतो, तिथे या संघटना गप्प बसलेल्या नाहीत. इंग्लंडची १८६६मध्ये स्थापन झालेली नॅशनल सेक्युलर सोसायटी जनावराला आधी बेशुद्ध न करता केलेल्या धार्मिक कत्तलीला विरोध करते, मग ती हलाल असो की ज्यू पद्धतीची. आणि धार्मिक शाळांना विरोध करताना ख्रिस्ती व मुस्लिम असा भेद करत नाही. २००८मध्ये इराणमध्ये जन्मलेल्या मरियम नमाजी यांनी शरियत मंडळांच्या कौटुंबिक निवाड्यांविरुद्ध 'वन लॉ फॉर ऑल' ही मोहीम उभी केली, तिला इंग्रज विवेकवाद्यांचा पाठिंबा होता. अमेरिकन एथिइस्ट्स या संघटनेने २०१२मध्ये न्यू जर्सीतल्या पॅटरसनला अरबी भाषेत आणि न्यूयॉर्कला ब्रुकलिनसाठी हिब्रूत जाहिरात फलक लावले. मजकूर तोच, जो ती आजवर ख्रिस्ती वाचकांना ऐकवत आली होती: ही मिथ्यकथा आहे हे तुम्हाला माहीत आहे. अशी उदाहरणे संख्येने कमी असली, तरी प्रमाण सत्तेच्या मागे जाते एवढे त्यांवरून कळते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की सत्तेची भाषा ठीक आहे, पण ख्रिस्ती धर्म आज टीकेला मऊ आहे आणि नास्तिक त्याचाच फायदा घेतात. तो मऊ आहे हे खरेच. पण कसा झाला, हे विसरता कामा नये. १६९७मध्ये एडिंबरोत थॉमस एकनहेड नावाच्या विद्यार्थ्याला ईश्वरनिंदेसाठी फाशी दिले गेले. त्याने बायबलची टवाळी केली होती. १८४२मध्ये जॉर्ज होलिओक यांना भाषणातल्या एका उत्तरापायी सहा महिने तुरुंगात काढावे लागले. चार्ल्स ब्रॅडलॉ हे नास्तिक १८८०मध्ये नॉर्दम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आले, पण शपथेच्या वादात त्यांना आपली जागा बिनविरोध मिळायला १८८६ उजाडले. (हेच ब्रॅडलॉ पुढे १८८९च्या मुंबई काँग्रेसला आले होते.) जॉन गॉट यांना १९२१मध्येही याच गुन्ह्यासाठी नऊ महिने सक्तमजुरी झाली. इंग्लंड व वेल्समधला ईश्वरनिंदेचा हा जुना कायदा रद्द झाला तो थेट २००८मध्ये, आणि तोवर तो फक्त ख्रिस्ती धर्माचेच रक्षण करत होता. 'द सॅटॅनिक व्हर्सेस' या कादंबरीसाठी सलमान रश्दींवर त्याखाली खटला भरण्याची मागणी झाली, तेव्हा न्यायालयाने इस्लामला हे संरक्षण नाही असेच सांगितले. ख्रिस्ती धर्म आज विनोद सहन करतो, त्यामागे तीनशे वर्षे तुरुंगात गेलेल्या टीकाकारांची पुण्याई आहे. त्यांच्या वारसांनी आज सोपी शिकार गाठली असे म्हणणे म्हणजे रस्ता खणणाऱ्यालाच रस्ता सपाट असल्याबद्दल बोल लावणे.

आणि तो सगळीकडे मऊ आहे, असेही नाही. त्याचा दाखला मुंबईतच आहे. मार्च २०१२मध्ये विलेपार्ल्याच्या एका चर्चमध्ये क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक ते तीर्थ म्हणून भांड्यांत साठवून नेऊ लागले. विवेकवादी सनल एडमरुकू यांनी जागा पाहिली आणि कारण सांगितले: जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याच्या नळातले पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढून क्रूसापर्यंत पोहोचत होते. तीर्थ म्हणून प्यायले जात होते ते गटाराचे पाणी होते. आभार राहिले बाजूला, त्यांच्यावर भारतीय दंड विधानाच्या २९५-अ कलमाखाली वेगवेगळ्या ठाण्यांत तक्रारी झाल्या आणि अटक टाळण्यासाठी ते फिनलंडला गेले. भारतात ख्रिस्ती धर्म अल्पसंख्य आहे, तरीही त्याच्यावर केलेली एक साधी भौतिकशास्त्रीय टिप्पणी माणसाला देशाबाहेर घालवू शकली. म्हणजे टीकेची किंमत धर्माच्या नावावरून ठरत नाही. भोवतालचा कायदा आणि जमाव यांच्यावरून ठरते.

इतिहासाने या प्रश्नात आणखी एक गुंता घातला आहे. युरोपातल्या विचारवंतांनी इस्लामवर टीका केली, तेव्हाही अनेकदा नेम दुसरीकडेच असे. व्होल्तेअरचे 'महोमेट' हे नाटक १७४१मध्ये लील शहरात रंगमंचावर आले. वरवर ते पैगंबरांना ढोंगी ठरवणारे, पण धर्मवेड्या पुढाऱ्याचे ते चित्र आपल्याच चर्चवरचा हल्ला आहे, हे पॅरिसच्या धर्मनिष्ठांनी बरोबर ओळखले. १७४२मध्ये तिथे मोजके प्रयोग होताच नाटक मागे घ्यावे लागले. व्होल्तेअरचा मिस्कीलपणा असा, की त्याने नाटक पोप चौदावे बेनेडिक्ट यांनाच अर्पण केले. उलटही घडे: चर्चला हिणवण्यासाठी काही जण इस्लामच्या साधेपणाचे, पुरोहितशाही नसण्याचे कौतुक करत. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी पैगंबरांवर 'मानव महंमद' हे काव्य लिहिले, त्यातही इस्लामच्या स्तुतीतून ब्राह्मणी धर्माची झाडाझडती होती. फुले नास्तिक नव्हते, पण तंत्र तेच. परका धर्म आरसा म्हणून वापरायची ही सवय जुनी आहे, आणि तिच्यामुळेच इस्लामची स्वतंत्र, जाणकार चिकित्सा युरोपीय विवेकवादात उशिरा आली.

आता ज्या ठिकाणी आरोप खराच लागू पडतो, तिथे येऊ. ते ठिकाण भीतीचे आहे. १४ फेब्रुवारी १९८९ला इराणचे सर्वोच्च नेते खोमेनींनी रश्दींविरुद्ध फतवा काढला. 'द सॅटॅनिक व्हर्सेस'चे जपानी अनुवादक हितोशी इगाराशी यांचा १९९१मध्ये खून झाला. आणि फतव्यानंतर तेहतीस वर्षांनी, ऑगस्ट २०२२मध्ये, न्यूयॉर्क राज्यात भर व्यासपीठावर रश्दींना भोसकण्यात आले. २००४मध्ये ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर चित्रपट दिग्दर्शक थिओ व्हान गॉग मारले गेले. ७ जानेवारी २०१५ला पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो'च्या हल्ल्यात बारा जण ठार झाले. हे साप्ताहिक मुसलमानांनाच लक्ष्य करते, असे तेव्हा सर्रास बोलले जात होते. दोन समाजशास्त्रज्ञांनी 'ल माँद' दैनिकासाठी त्याच्या २००५ ते २०१५ या काळातल्या मुखपृष्ठांची मोजदाद केली. ५२३ मुखपृष्ठांपैकी धर्माला वाहिलेली निघाली ३८. त्यांतली २१ प्रामुख्याने ख्रिस्ती धर्माची थट्टा करणारी होती, आणि इस्लामची फक्त सात. या नास्तिक साप्ताहिकाने ख्रिस्ती धर्माची तिप्पट टवाळी केली. बंदुका मात्र सातांसाठी आल्या. अशा हिशेबानंतर संपादक, गॅलरीचालक, प्रकाशक यांनी हात आखडला नसता तरच नवल. पैगंबरांवरच्या डॅनिश व्यंगचित्रांच्या वादावर येल विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने २००९मध्ये अभ्यासग्रंथ काढला, आणि ज्या चित्रांविषयी ग्रंथ होता तीच त्यातून वगळली. भिणे हा गुन्हा नाही. दुसऱ्याने जीव धोक्यात घालावा अशी मागणी करण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण भीतीला 'आदर' किंवा 'संवेदनशीलता' असे गोंडस नाव देणे हा अप्रामाणिकपणा आहे. सत्य बोलण्याची प्रतिष्ठा मिरवणाऱ्या नास्तिकाने निदान 'मला भीती वाटते' एवढे तरी खरे सांगावे.

भीतीइतकीच, किंबहुना जास्त, चर्चेची गोष्ट सौजन्याची आहे. डाव्या आणि उदारमतवादी वर्तुळात इस्लामवरची टीका म्हणजे वंशद्वेष, असे समीकरण रूढ झाले. ऑक्टोबर २०१४मध्ये बिल मार यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात अभिनेते बेन ॲफ्लेक यांनी सॅम हॅरिसना तोंडावर वंशद्वेष्टे ठरवले. नोव्हेंबर २०१५मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात याच मरियम नमाजी यांचे व्याख्यान इस्लामिक सोसायटीच्या पोरांनी उधळायचा प्रयत्न केला, चालू प्रोजेक्टर बंद केला. आणि तिथल्या स्त्रीवादी विद्यार्थी संघटनेने पाठिंबा दिला तो व्याख्यातीला नव्हे, तर इस्लामिक सोसायटीला. तरी इस्लामवरच्या टीकेत वंशद्वेष दडलेला असतो हा आक्षेप झटकून टाकता येत नाही, हेही खरे. युरोपात मुसलमान हे बहुतांशी गरीब, स्थलांतरित आणि भेदभाव सोसणारे लोक आहेत. धर्मावरच्या टीकेच्या विटा त्यांच्या खिडक्यांवर पडतात. आणि काही नास्तिकांनी ही भीती खरी ठरवली आहे. ऑगस्ट २०१३मध्ये डॉकिन्स यांनी लिहिले, की केंब्रिजच्या एका ट्रिनिटी कॉलेजला जेवढी नोबेल पारितोषिके आहेत, तेवढी जगातल्या सगळ्या मुसलमानांना मिळून नाहीत. आकडा खरा असेल, पण यात कुठल्या धर्मतत्त्वाची चिकित्सा झाली? वसाहती, दारिद्र्य, विद्यापीठांचा इतिहास हे सगळे गाळून माणसांच्या एका समूहाला हिणवले गेले, एवढेच. धर्मत्यागाला देहदंड सांगणारी फिकह म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राची परंपरा, वारसाहक्कातला स्त्रीचा अर्धा वाटा, ग्रंथ शब्दशः ईश्वराचा असल्याचा दावा यांवर कितीही कडक बोलावे. ती चिकित्सा आहे. शेजारच्या मुसलमान कुटुंबाविषयी सरसकट बोलणे ही चिकित्सा नव्हे. हा फरक पाळायला कठीण नाही, आणि तो न पाळणाऱ्यामुळे पाळणाऱ्यांचेही तोंड बंद होते: सुक्याबरोबर ओलेही जळते.

याच्याच दुसऱ्या टोकाला एक नवे वळण दिसते, आणि ते 'नास्तिक इस्लामला घाबरतात' या आरोपाच्या नेमके विरुद्ध आहे. इस्लामवरच्या कठोर टीकेसाठी प्रसिद्ध असलेल्या अयान हिरसी अली यांनी नोव्हेंबर २०२३मध्ये आपण ख्रिस्ती झाल्याचे जाहीर केले. पाश्चात्त्य संस्कृतीचे रक्षण नास्तिकतेच्या बळावर होणार नाही, हे त्यांच्या कारणांतले एक प्रमुख कारण होते. २०२४मध्ये खुद्द डॉकिन्स यांनी स्वतःला 'सांस्कृतिक ख्रिस्ती' म्हटले आणि दोहोंत निवड करायची तर इस्लामपेक्षा ख्रिस्ती धर्म बरा, असे सांगितले. आवडीनिवडीचा हक्क सर्वांना आहे. पण ज्या कसोटीवर इस्लाम नापास होतो, त्याच कसोटीवर ख्रिस्ती धर्म तपासायचे थांबवणे ही नास्तिकता उरत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हीच ती जुनी रीत.

या सगळ्या वादात ज्यांचे नाव सर्वांत शेवटी निघते, ते प्रत्यक्षात सर्वांत पुढे आहेत. इस्लामवर सर्वांत तयारीने, सर्वांत जाणकार टीका मुस्लिम समाजांत वाढलेले नास्तिक करतात. तुर्कस्तानात मुफ्ती राहिलेले तुरान दुरसुन नास्तिक झाले, इस्लामी ग्रंथांची चिकित्सा लिहीत राहिले आणि १९९०मध्ये इस्तंबूलला त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. बांगलादेशात २०१३ ते २०१५ या काळात राजीब हैदर, 'मुक्तमना' ब्लॉगचे अभिजित रॉय, वाशिकुर रहमान, अनंत विजय दास, प्रकाशक फैसल आरेफिन दीपन अशी माणसे एकामागून एक कोयत्यांनी तोडली गेली. अभिजित रॉय यांचा खून ढाक्याच्या ग्रंथमेळ्याबाहेर झाला. सौदी अरेबियाने २०१४मध्ये नास्तिक विचाराला दहशतवादाच्या यादीत घातले, आणि त्याच वर्षी रईफ बदावी या लेखकाला दहा वर्षांचा तुरुंग व एक हजार फटके सुनावले. कोइमतूरचे एच. फारूक पेरियारांच्या परंपरेतले नास्तिक. मार्च २०१७मध्ये त्यांना त्यांच्याच समाजातल्या लोकांनी मारले. 'नास्तिक इस्लामवर बोलत नाहीत' असे म्हणणाऱ्याच्या लेखी ही माणसे नास्तिकांत मोडतच नाहीत. ती गोरी नाहीत, इंग्रजी दूरचित्रवाणीवर दिसत नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

महाराष्ट्रात हाच प्रश्न फक्त पात्रे बदलून विचारला जातो: अंधश्रद्धा निर्मूलनवाले हिंदू धर्मावरच का घसरतात? नरेंद्र दाभोलकरांना तो हयातभर ऐकावा लागला आणि २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावरही तो थांबला नाही. खुनानंतर जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. त्याखालचा पहिला गुन्हा सप्टेंबर २०१३मध्ये नांदेडला दाखल झाला, तो चमत्कारी औषधाने असाध्य रोग बरे करण्याच्या जाहिराती करणाऱ्या दोन मुसलमानांवर. त्याच नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर प्राचार्य होते. ते उघड नास्तिक होते. मनुस्मृतीची चिरफाड त्यांनी ज्या तर्काने केली, त्याच तर्काने मुस्लिम राजकारणाची आणि शरियतच्या आग्रहाचीही केली, आणि त्यांच्या मुस्लिम मित्रांना त्यात द्वेष दिसला नाही. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ला सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, २२ मार्च १९७०ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले, आणि १९७७मध्ये वारले तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे कोणत्याही धर्मविधीवाचून त्यांचे दहन झाले. दलवाईंचे उदाहरण तोंडी लावायला अनेक जण घेतात. त्यांच्यासारखीच परखड चिकित्सा यांच्या स्वतःच्या धर्माची कोणी केली, की यांतले बहुतेक जण दुसऱ्या गल्लीने निघून जातात.

तेव्हा निकाल असा. प्रमाणाने पाहिले तर पाश्चात्त्य नास्तिक ख्रिस्ती धर्मावर कितीतरी जास्त टीका करतात, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांच्यावर सत्ता त्या धर्माची आहे. तीव्रतेने पाहिले तर त्यांच्यातल्या नामवंतांनी इस्लामला अधिक कडक शब्द वापरले आहेत, कधी विनाकारणही. धिटाईने पाहिले तर संस्था आणि माध्यमे इस्लामच्या बाबतीत कचरतात, आणि त्या कचरण्याची किंमत इस्लाम सोडणाऱ्या एकाकी माणसाला मोजावी लागते. हा शेवटचा दोष दूर करायला ख्रिस्ती धर्मावरची टीका कमी करण्याची गरज नाही, की मुसलमानांविषयी आवाज चढवण्याचीही नाही. त्या माणसाला व्यासपीठ द्यावे, आश्रय द्यावा, त्याचे पुस्तक छापावे, आणि त्याच्या शेजाऱ्यांना कोणी छळले तर त्यांच्याही बाजूने उभे राहावे. आणि 'तुम्ही त्यांच्यावर का बोलत नाही?' असे पुढच्या वेळी कोणी विचारले, तर त्याला आधी एवढेच विचारावे: तुमच्या धर्मावर बोललो, तर तुम्ही ऐकून घ्याल का?